अरबी की भीमथडी? शिलेदाराच्या घोड्याची निवड

१६३१ सालच्या आरंभी बीड जिल्ह्यातील धारूरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. शाहजहानचा सरदार आझमखान याने निजामशाहीचा हा बळकट किल्ला घेतला आणि विजयाच्या भरात तो परांड्याकडे वळला. परांड्याचा वेढा मात्र त्याला उठवावा लागला. तो कोणत्या शत्रूमुळे उठवावा लागला, हे मोगल दरबारच्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. तो शत्रू म्हणजे वैरणीचा अभाव. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. किल्ल्याभोवती कित्येक कोसांच्या परिघात गवताची काडी उरली नव्हती. तोफा होत्या, माणसे होती, खजिना होता. घोड्यांपुढे टाकायला काही नव्हते. बादशाही फौज मुकाट्याने धारूरकडे परतली.

मराठ्यांच्या घोडदळाची गोष्ट सांगताना सहसा आरंभ गनिमी काव्यापासून होतो. ती या परतलेल्या फौजेपासून सुरू केली, तर पुढच्या दीडशे वर्षांतील अनेक लढायांचा उलगडा अधिक सोपा होतो.

आज कोणी दोन वेगवान गाड्यांपैकी एक निवडायला बसला, की त्याच्यासमोर दोन प्रश्न असतात. शर्यतीच्या धावपट्टीवर कोणती सरस? आणि रोजच्या रस्त्यावर, रोजच्या खर्चात कोणती परवडेल? सतराव्या-अठराव्या शतकातील शिलेदारापुढे नेमके हेच दोन प्रश्न होते. लढाईच्या दिवशी घटका-दोन घटकांची भरधाव दौड असे. परंतु त्या दौडीच्या आधी कित्येक महिने रोजची मजल, रोजची चंदी, रोजचा खरारा आणि नदीनाले असत. धावपट्टीचा दिवस वर्षातून चार वेळा यायचा. रस्ता मात्र रोजचा होता.

त्याच्यासमोर ढोबळमानाने दोन प्रकारची जनावरे होती.

पहिले परदेशी रक्ताचे: अरबी, इराकी, तुर्की. अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त घोड्यांचे सात वर्ग दिले आहेत. त्यांत अरबी सर्वांत वर आहे, त्याच्यामागे इराकी, मुजन्नस, तुर्की आणि याबू; ताजी आणि जंगला हे हिंदुस्थानी घोड्यांचे वर्ग अगदी शेवटी. हा क्रम केवळ सौंदर्याचा नव्हता. मनसबदाराला घोड्यापोटी मिळणारा खर्चही याच उतरंडीने ठरत असे. मोगल स्वार चिलखत घालून, शिरस्त्राण चढवून, प्रसंगी घोड्यावरही पाखर टाकून लढे. एवढे ओझे घेऊन शत्रूच्या फळीवर आदळायचे, तर उंच, रुंद छातीचे आणि पोसलेले जनावरच हवे.

दुसरे जनावर म्हणजे दख्खनचे तट्टू. त्यातही नाव होते भीमथडीचे. ‘थडी’ म्हणजे नदीचा काठ. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यात निपजणारी ती भीमथडी. (बीड जिल्ह्याचा उत्तरेकडील गोदाकाठचा पट्टा याच न्यायाने गंगथडी म्हणवतो.) हे घोडे मध्यम उंचीचे, अरबीपेक्षा चांगलेच ठेंगणे, बांध्याने घट्ट, हाडाने मजबूत. मराठ्यांच्या छावण्यांत वावरलेल्या इंग्रजांनी त्यांचे जे वर्णन केले आहे, त्यात गडद कुमैत रंग आणि काळे पाय यांचा आवर्जून उल्लेख येतो. दिसायला ते अरबीच्या पासंगालाही पुरत नव्हते, असे मानणे चूक आहे. ते देखणेच असत. त्यांच्यात नव्हती ती उंची, आणि दरबारात हिंडवण्याजोगा रुबाब.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मराठ्यांना अरबी घोडा ठाऊक नव्हता किंवा नको होता, असे नव्हे. त्याची हाव तर अनेक शतकांपासून होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी लिहिले आहे, की त्याने समुद्री चाच्यांशी संधान बांधले होते. लुटीतला बाकी माल चाच्यांचा. घोडे मात्र राजाचे! एका राजाने घोड्यांपायी चाच्यांशी करार करावा, यावरून टंचाई किती होती ते दिसते. त्याच प्रवाशाने दक्षिणेकडील पांड्यांच्या राज्याविषयी नोंदवले आहे, की तेथे दर वर्षी हजारो घोडे समुद्रमार्गे येतात आणि त्यांतले फार थोडे जगतात. नालबंद नाहीत, निगा राखणारे नाहीत, खाऊ घालायचे ते भलतेच. पुढे पोर्तुगीजांनी होर्मूझहून गोव्यात येणारा हा व्यापार मुठीत धरला आणि विजयनगर व विजापूर या दोन्ही दरबारांना त्यांच्या दारात उभे केले. दख्खनच्या प्रत्येक सत्तेच्या खजिन्याला या व्यापाराने भोक पाडले आहे.

म्हणजे अरबी घोडा किमतीनेच महाग नव्हता. तो बंदरावर अवलंबून होता, जाणत्या मोतद्दारावर अवलंबून होता, आणि नियमित चंदीवर तर होताच. हरभरा-कुळथाची चंदी, चांगले गवत, सावली, पाणी यांपैकी एक गोष्ट चुकली, की तो खंगू लागे. भीमथडीचे तट्टू कडब्यावर, हरळीवर, मिळेल त्या पाल्यावर दिवस काढी. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, जेथे एका वर्षाआड पाऊस दगा देतो, तेथे हा फरक जीवनमरणाचा ठरे.

घोडा कोणाचा, हा प्रश्न याहूनही महत्त्वाचा आहे. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. बारगीर सरकारी पागेतला घोडा वापरी. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. शिवाजी महाराजांनी बारगिरांची पागा हाच घोडदळाचा कणा मानला. सभासदाच्या बखरीत या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पाखाल्या व एक नालबंद. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा यांची नेमणूक सेनेच्या मूळ घटकातच करून ठेवणारे हे मन मोठे व्यवहारी होते. मार्को पोलोने ज्या उणिवेमुळे हजारो घोडे मरताना पाहिले, तीच उणीव येथे पहिल्या पायरीवर बुजवलेली दिसते.

या व्यवहारी मनाचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे मे १६७३ मधील महाराजांचे पत्र. चिपळूणजवळ दळवटणे येथे घोडदळाची छावणी पडली होती आणि पावसाळा तोंडावर होता. छावणीच्या अधिकाऱ्यांना महाराज बजावतात, की साठवलेली वैरण व दाणा आताच वाटेल तसा उधळला, तर भर पावसात काहीच मिळणार नाही, घोडे उपाशी मरतील, आणि त्यांना तुम्हीच मारले असे होईल. मग स्वार रयतेच्या घरात शिरतील, ते वेगळेच. रात्री दिवा उघडा ठेवू नका, कारण उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत हे पत्र जाते. राज्याभिषेकाला जेमतेम वर्ष उरलेला राजा उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करतो आहे! या पत्राकडे बहुतेक वेळा रयतेच्या काळजीचे पत्र म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ते तितकेच घोड्याच्या चंदीचेही पत्र आहे.

शिलेदाराचा हिशेब मात्र पागेच्या हिशेबाहून वेगळा होता. त्याचा घोडा म्हणजे त्याचे भांडवल. गावाकडची थोडी जमीन, बायकोचे दागिने, सावकाराचे कर्ज यांतून उभा राहिलेला. घोडा आहे तोवर तो शिलेदार. घोडा पडला, की दुसऱ्याचा बारगीर किंवा थेट पायदळाचा शिपाई. पगार, मान आणि लुटीतला वाटा, तिन्ही गोष्टी घोड्याच्या चार पायांवर उभ्या होत्या. पेशवाईत लढाईत पडलेल्या घोड्याची भरपाई काही वेळा सरकारातून मिळे, पण ती हाती पडेपर्यंत या माणसाने काय करायचे? त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. दुप्पट-चौपट मोल देऊन अरबी घोडा घेतला, तर लढाईच्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढे धावेल. पण त्याच कारणाने त्याला पुढे घालण्याचे धाडसच होणार नाही.

मराठी स्वार शत्रूच्या भक्कम फळीवर समोरासमोर आदळत नाही, तो बाजूने येतो, रसद तोडतो आणि निसटतो, अशी तक्रार परकीयांनी वारंवार केली आहे. यात युद्धशास्त्र आहे, भूगोल आहे. पण आपले घर पाठीखाली घेऊन लढणाऱ्या माणसाचा सावधपणाही त्यात आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. हा दोष मराठ्यांचाच, असेही नाही. स्वतःच्या घोड्यावर लढणाऱ्या मोगल स्वाराचीही घोडा गमावण्याच्या धास्तीने हीच गत होई.

तेव्हा ‘अरबी की भीमथडी’ या प्रश्नाला एक उत्तर नव्हतेच. विचारणारा कोण, यावर ते ठरे. सरदाराच्या खासा पागेत अरबी आणि तुर्की घोडे असत. त्याला समारंभात मिरवायचे असे, नजराणे द्यायचे-घ्यायचे असत, आणि एक घोडा मेला म्हणून त्याची सरदारकी जात नसे. शिलेदार भीमथडीवर बसे. एकाच फौजेत दोन्ही जनावरे शेजारी शेजारी चालत. फौजेचा वेग ठरे तो मात्र दुसऱ्याच्या चालीने, कारण संख्येने तीच जास्त होती.

हा वेग म्हणजे नेमके काय, हे १७२७-२८ च्या मोहिमेत दिसले. पहिला निजाम तोफखान्यासह पुण्याच्या रोखाने निघाला होता. बाजीराव पुण्याच्या रक्षणाला थांबला नाही. तो जालना-सिंदखेडचा मुलूख तुडवीत माहूर-वाशिमकडे गेला, तेथून खानदेशात वळला, बुऱ्हाणपूर लुटण्याची हूल उठवली आणि तापी ओलांडून थेट गुजरातेत उतरला. निजाम आधी बुऱ्हाणपूरकडे धावला, मग पुण्यात आला. तोवर बाजीराव परतून औरंगाबादेच्या रोखाने निघाला होता. राजधानी वाचवायला निजामाला अवजड तोफा मागे टाकून गोदावरीकडे धाव घ्यावी लागली. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेड येथे तो कोंडला गेला. पाणी तुटले, दाणा तुटला. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. गोदाकाठचे मुंगी हे गाव आजच्या बीड जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही.

फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेचा गौरव केल्यापासून ती सर्वतोमुखी झाली आहे. नकाशावर बाण काढून ती समजावणे सोपे आहे. पण त्या बाणांच्या खाली कोणते जनावर चालत होते? मराठवाडा, वऱ्हाड, खानदेश, गुजरात असा महिनोन्‌महिने चाललेला प्रवास, मागे दाणागोट्याचा तांडा नाही, मुक्काम रोज नवा. तोबऱ्यात असेल ते आणि शेतात उभे असेल ते, एवढीच बेगमी. घोड्यावर बसूनच हातावर कणसे चोळून खाणाऱ्या बाजीरावाची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती खरी असो वा नसो, ज्या ज्वारीचे दाणे स्वाराने खाल्ले तिचेच ताट घोड्याने खाल्ले असणार! चंदीसाठी अडून बसणारे जनावर या मोहिमेच्या पहिल्या महिन्यातच आडवे झाले असते. पालखेडला निजामाचे घोडे उंचीने कमी पडले नाहीत. ते ज्या फौजेत होते, ती फौज तोफांशिवाय, बाजारबुणग्यांशिवाय आणि ठरलेल्या मुक्कामांशिवाय चालूच शकत नव्हती.

याच धड्याची उलटी बाजू तेहतीस वर्षांनी पानिपतावर दिसली. १७६० च्या आरंभी उदगीर-औशाच्या मुलखात सदाशिवरावभाऊने इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या बळावर निजामाला नमवले आणि साठ लाखांचा मुलूख मिळवला. त्या विजयाने तोफखान्यावरचा विश्वास वाढला, आणि ते स्वाभाविकच होते. मात्र तीच तोफांची फौज उत्तरेत एका जागी कोंडली गेली, तेव्हा अब्दालीने रसद तोडली. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाईला उभे राहिलेले घोडे आठवडेच्या आठवडे अर्धपोटी होते, आणि कितीतरी त्याआधीच मेले होते. अशा वेळी कोणत्या रक्ताचा घोडा बरा, हा वाद उरत नाही. काटक जनावर इतरांपेक्षा थोडे दिवस अधिक तग धरते, इतकेच. पानिपताच्या चर्चेत गनिमी कावा विरुद्ध तोफखाना असा वाद रंगतो. रिकाम्या तोबऱ्याला त्या वादात क्वचितच जागा मिळते.

पानिपतानंतर अडीच वर्षांनी मराठ्यांचे घोडदळ पुन्हा मैदानात होते, आणि ते मैदान बीड जिल्ह्यात होते.

१७६३ मध्ये निजामअलीने पुणे लुटले आणि जाळले. नागपूरचे जानोजी भोसले त्याच्या बाजूला होते, पटवर्धनांपैकी गोपाळराव होते. माधवराव पेशवे अठरा वर्षांचे. चुलते रघुनाथराव यांच्याशी त्यांचे सरळ नव्हते. तरीही चुलत्या-पुतण्याने मिळून जी चाल केली, ती ओळखीची होती. पुणे वाचवत न बसता त्यांनी निजामाच्या मुलखात शिरून हैदराबादेपर्यंत खंडण्या वसूल केल्या. दरम्यान जानोजींना आणि इतरांना आपलेसे करून घेतले. पावसाळा लागला, निजामाची फौज औरंगाबादेकडे परतू लागली आणि गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनाजवळ गोदावरीपाशी आली.

भर पावसाळ्यातील गोदावरी तोफा, सामान आणि हत्तींसह ओलांडणे म्हणजे अनेक दिवसांचे काम. निजामअली काही फौजेसह पलीकडे गेला. त्याचा दिवाण राजा विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेनिशी दक्षिण तीरावर राहिला. एक फौज, दोन काठ, मध्ये भरलेली गंगा. मराठ्यांनी जलद कूच करून हीच वेळ साधली. १० ऑगस्ट १७६३ रोजी लढाई जुंपली. रघुनाथरावाची तुकडी वेढली गेली आणि तो स्वतः संकटात सापडला, तेव्हा माधवरावाने चालून जाऊन त्याला सोडवले. विठ्ठल सुंदर ठार झाला; त्याची फौज मोडली. पलीकडच्या काठावर उभा असलेला निजाम काहीही करू शकला नाही. पुढे झालेल्या तहात उदगीरचा साठ लाखांचा मुलूख कायम राहून त्यात आणखी बावीस लाखांची भर पडली.

राक्षसभुवन आज शनीच्या स्थानासाठी ओळखले जाते. दर्शनाला येणाऱ्यांपैकी किती जणांना या काठावरील लढाई ठाऊक असते, कोण जाणे. पानिपतावर एवढे घोडे गेल्यावर अडीच वर्षांत हे दळ कशाच्या बळावर उभे राहिले असेल? समुद्रापलीकडून येणाऱ्या महाग जनावरांवर भिस्त असती, तर ते कठीण होते. भीमेच्या आणि नीरेच्या काठी निपजणारी शिंगरे हाच त्याचा सर्वांत संभाव्य आधार दिसतो. शिरूर तालुक्यातील आलेगाव पागा हे गावाचे नाव या जुन्या जगाची आठवण अजून वागवते आहे.

पुढची हकिगत थोडक्यात सांगता येते. महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या, लढाईचा भार बंदुकीकडे गेला, आणि १८१८ नंतर शिलेदाराला चाकरी देणारे पेशव्यांचे दरबारच उरले नाही. बीड निजामाच्या राज्यात होते. तेथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज उभी राहिली आणि तिच्या घोडदळाची एक छावणी मोमिनाबाद येथे, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत होती. इंग्रजांनी या घोडदळात जुनीच रीत ठेवली. स्वाराने भरतीच्या वेळी ‘असामी’ची रक्कम भरायची आणि घोडा त्याच्या खर्चाने उभा राहायचा. या पद्धतीला त्यांनी नावही मराठी मुलखाचेच दिले. इंग्रजी लष्करी दप्तरात तिला ‘सिल्लेदार’ पद्धत म्हणतात.

१९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाले. त्यातून पुढे आलेल्या विसाव्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, हाय वुड नावाच्या रानाजवळ, भाले रोखून घोड्यांवरून हल्ला चढवला. समोर मशीनगन होत्या. हिंदी घोडदळात तोवर ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या उंच ‘वेलर’ घोड्यांचा काळ आला होता. नाव दख्खनचे, पाठ परदेशी. महायुद्धात घोडे इतक्या झपाट्याने मरू लागले, की स्वाराने स्वतःच्या खर्चाने नवा घोडा उभा करावा ही कल्पनाच हास्यास्पद ठरली. युद्ध संपल्यावर शिलेदारी पद्धत मोडीत निघाली.

भीमथडीचे तट्टू मात्र संपले नाही. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यातील मेंढपाळ धनगरांनी ते जपले. राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद अगदी अलीकडे झाली. मेंढरांचा वाडा हलला, की पाले, भांडी, कोकरे आणि कधी लहान मूल, असा सारा संसार त्याच्या पाठीवर चढतो. मुक्काम रोज नवा, आणि चंदी म्हणून रानात मिळेल ते.